सांगितलं कुणाला

निकिता आजवर कधी लॅबमध्ये आली नव्हती. त्यामुळे रिसेप्शनवरच्या मुलीनं फोन करून "मॅडम, तुमच्या जाऊबाई आल्यात" असं सांगितलं, तेव्हा तेजश्रीच्या मनात आलं ते एवढंच, की आता हिचं काय काम निघालं? फेब्रुवारीचे दिवस होते, द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम ऐन भरात होता. निफाड-दिंडोरीकडून नमुन्यांच्या पिशव्या रोज टेम्पोनं येऊन सातपूरच्या त्या लॅबमध्ये पडत, आणि घडात फवारणीचा अंश किती उरला आहे याच्या प्रत्येक रिपोर्टवर शेवटची सही तेजश्रीची असे. हातमोजे काढत ती बाहेर आली. निकिता बसली नव्हती. तोंडाला स्कार्फ तसाच, हेल्मेट पोटाशी धरलेलं. "ताई, इथं नाय. बाहेर चला जरा," ती म्हणाली, आणि पार्किंगच्या पत्र्याखाली, दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत उभी राहून तिनं सांगितलं. "काल आभाच्या डोक्याला तेल लावत होते. लावता लावता ती म्हणली, काकू, एक सांगू का, पण आईला नाय सांगायचं." पुढची वाक्यं तीनच होती. तिसरं निकितानं अर्धंच सोडलं, पण त्यात सरांचं नाव होतं, सोमवार-बुधवार-शुक्रवार होता, आणि आतली खोली होती.

तेजश्रीला नंतर कितीतरी दिवस स्वतःची लाज वाटत राहिली ती याची, की त्या चार वाक्यांतलं तिला पहिलं टोचलं ते पहिलंच. आईला नाय सांगायचं. बाकीचं कानावर पडलं, आत गेलं नाही. हिला का सांगितलं? पत्र्याखालच्या उकाड्यात उभी राहून ती जावेच्या हातांकडे बघत होती. नखांशी मेंदी उतरत आलेली, अंगठ्याला पीठ सुकलेलं. ह्या हातांखाली डोकं देऊन माझी मुलगी बोलली. मी रोज विचारते आणि ही तेल लावते.

कारण ती रोज विचारत असे. कुठल्याशा व्याख्यानात तिनं ऐकलं होतं, की मुलांना 'काय झालं' असं मोघम विचारू नये, नेमकं विचारावं. तेव्हापासून जेवणं झाली की ती आभाजवळ बसे आणि म्हणे, आजच्या तीन गोष्टी सांग. आभा शहाण्यासारखी तीन गोष्टी सांगे. गणितात गुड मिळालं, रेवाचा डबा सांडला, पीटीला धावलो. नऊ वर्षांची पोर बोटांवर मोजून तीन गोष्टी पुऱ्या करी आणि कुशीवर वळे. आमच्यात काही लपलेलं नसतं, असं तेजश्री मैत्रिणींना सांगे, आणि सांगताना तिच्या आवाजात आपोआप शिकवणं येई. तीच आभा समोरच्या फ्लॅटमध्ये गेली की वेगळीच होई. इंदिरानगरच्या त्या बिल्डिंगमध्ये दोघा भावांचे फ्लॅट एकाच मजल्यावर होते, समोरासमोर. ज्ञानेश आणि तेजश्री इकडे, संतोष आणि निकिता तिकडे. दोन्ही दारं उघडी असली की तिकडचं हसणं इकडे ऐकू येई. लोळून, उशीत तोंड खुपसून हसणं. निकिता देवळ्याकडच्या शेतकऱ्यांच्या घरातली, बारावी झालेली. लग्नाला आठ वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, दोनदा उपचारही करून झाले होते. सुरुवातीला तेजश्रीनं मोठ्या मनानं म्हटलं होतं, असू दे, तिलाही विरंगुळा. पण आभा 'लय भारी' म्हणू लागली, आईच्या हातची खिचडी सोडून काकूकडची भाकरी मागू लागली, तेव्हा त्या मोठ्या मनात कुसळासारखं काहीतरी शिरलं. माझी मुलगी माझ्याशी परीक्षेला बसल्यासारखी बोलते आणि हिच्याशी खेळायला आल्यासारखी, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती आभाची भाषा दुरुस्त करत राहिली.

"मुलं काहीबाही बोलतात, निकिता," ती म्हणाली. "तुला सवय नाही."

निकितानं मान खाली घातली नाही. "नाय, मला सवय नाय," ती म्हणाली. "तुम्हाला जे बोलायचं ते बोला, ताई, मी ऐकून घेईन. पन आज बुधवार हाय. तीनला शाळा सुटंल आन् ती तिकडं जाईल."

"मग रात्रीच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? घरात भाऊजी होते, पोरगी होती. फोनवर सांगन्यासारखं हाय का हे? रातभर डोळा लागला नाय. संतोषला बी बोलले नाय. पैलं तुम्हाला कळायला पायजे."

पावणेतीनला वीस मिनिटं होती. तेजश्रीनं अंगातला पांढरा कोटही काढला नाही, तशीच निकिताच्या स्कूटरवर मागे बसली.

सरांचं नाव शरच्चंद्र. पण त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं तिनं ऐकलंच नव्हतं. तिच्या वडिलांचे स्नेही, निवृत्त प्राध्यापक, पंडित कॉलनीत तळमजल्यावर एकटे राहणारे. बुद्धिबळ शिकवायचे, फी न घेता, आणि एका वेळी एकालाच. गर्दीत एकाग्रता होत नाही म्हणायचे. शाळेपासून चालत पाच मिनिटं. आभा त्यांच्याकडे जाऊ लागली तीसुद्धा तेजश्रीच्याच सावधपणामुळे. आधी आभा रिक्षानं थेट घरी यायची. कोंडाजी म्हणून पेठकडचे एक म्हातारे रिक्षावाले होते. ते मुलींना उकडलेल्या शेंगा द्यायचे, एखादीला पुढे आपल्याशेजारी बसवायचे. तेजश्रीनं ते एकदा पाहिलं आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, की आपल्या मुलींच्या बाबतीत धोका पत्करता येणार नाही. आठवड्यात कोंडाजींची सगळी मुलं सुटली. ते एकदा घरी आले होते, चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले होते. "बाई, माझी चूक काय झाली तेवढं सांगा," म्हणाले. तिनं सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आईनं असंच असायला हवं, वाघिणीसारखं. मग दुपारी आभाची सोय काय, हा प्रश्न आला, आणि रोज काकूकडे सोडणं तिला नको होतं, तेव्हा सर आपणहून म्हणाले, तीन दिवस माझ्याकडे येऊ दे की, तू ऑफिसातून येताना घेऊन जा. तिला भरून आलं होतं. त्याच सुमाराला शाळेत मुलांना स्पर्शाबद्दल काही सांगणार होते. तिनं बाईंना लिहून कळवलं होतं, की या वयात नसतं डोक्यात भरवू नये, आमच्या घरात तसं वातावरण नाही. आणि त्या दिवशी आभाला घरी ठेवलं होतं. परका माणूस, गाडीवाला, वॉचमन, चॉकलेट. तिच्या भीतीला जेवढे चेहरे होते ते सगळे गरीब होते आणि घराबाहेरचे होते.

स्कूटर एबीबी सर्कलला सिग्नलला थांबली. ऊन डोक्यात उतरत होतं. निकिताच्या पाठीवर घामाचा ओला पट्टा उमटला होता आणि तेजश्री त्या पट्ट्याकडे बघत मनातल्या मनात तिला खोटं पाडत होती. हिला आमच्याकडची शिकलेली माणसं सहन होत नाहीत. हिला आभा हवी आहे. आभा क्लासला गेली नाही की हिच्याकडेच राहील, हाच हिशेब. हे सगळं इतकं पटापट सुचत गेलं की तिचं तिलाच बरं वाटलं, आणि त्याच क्षणी दिवाळीनंतरची एक संध्याकाळ तिच्यापुढे येऊन उभी राहिली. आभा बूट घालता घालता म्हणाली होती, "आई, मला सरांकडे नाही जायचं. ते खूप जवळ बसतात." आणि तेजश्री हसली होती. "मग काय रस्त्यापलीकडे बसून शिकवतील?" म्हणाली होती. जेवताना तिनं ज्ञानेशला गंमत म्हणून ते सांगितलंही होतं, आभाच्या देखत, आणि तोही हसला होता. आभा हसली होती का? ते आठवेना. सिग्नल सुटला. म्हणजे तिनं मला सांगितलं होतं. आधी मलाच सांगितलं होतं. निकिताला दुसऱ्यांदा. छातीत एकदम काहीतरी खचलं, आणि त्या खचण्याच्या तळाशीसुद्धा एक क्षुद्र, चिवट समाधान होतं की पहिली मीच. त्या समाधानाची तिला शिसारी आली. वेद मंदिरापाशी तिनं निकिताला स्कूटर बाजूला घ्यायला सांगितली आणि गटाराच्या कडेला बसून ती ओकली. निकितानं पाण्याची बाटली दिली. निघताना म्हणाली, "ताई, पोरीला पाहिल्या पाहिल्या रडायचं नाय. डोळे मोठे करायचे नाय. नाय तर तिला वाटंल तिचंच चुकलं."

शाळेच्या फाटकापाशी दोघी शेजारी उभ्या राहिल्या. आभा मैत्रिणीशी बोलत आली, दोघींना एकत्र बघून थबकली, आणि धावली ती काकूकडे. तेजश्रीचे हात अर्धे पुढे झालेले तसेच राहिले. "आज क्लास नाही?" आभानं विचारलं. विचारलं काकूला, पण बघितलं आईच्या पांढऱ्या कोटाकडे. "नाही," तेजश्री म्हणाली, "आज नाही. परत कधीच नाही." तेव्हा आभाचे खांदे खाली आले. एवढंच झालं. कुणी पाठीवरचं ओझं काढून घ्यावं तसे ते दोन इंच खाली आले, आणि तेजश्रीला कळलं की गेले कित्येक महिने आपण या मुलीचे खांदे वर चढलेलेच पाहत आलो, आणि ही आता ताठ बसायला शिकली म्हणून खूश होत आलो.

घरी आल्यावर आभा काकूकडे गेली आणि तेजश्री गॅलरीत उभी राहिली. साडेपाच वाजले होते. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. तिनं बंगळूरला मालिनीला फोन लावला. मालिनी तिची थोरली बहीण. वर्षातून दोनदा बोलणं, तेही वाढदिवसांना. पण आता दुसरं कुणी आठवेना, कारण एका गोष्टीची तिला आता घाई झाली होती. लहानपणी सरांकडे आधी मालिनी जायची. धाकटी म्हणून तेजश्री सोबत असायची, पण तिला व्हरांड्यात बसवत. आत फक्त मालिनी. सर म्हणायचे, हिच्यात ते आहे. काय आहे ते तेजश्रीला कधी कळलं नाही, पण ते आपल्यात नाही एवढं कळलं होतं. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पाय हलवत ती बंद दाराकडे बघायची. आतून सोंगट्यांचा आवाज यायचा, मग यायचा नाही, आणि ती शांतता तिला सगळ्यात जास्त जाळायची. माझ्याशिवाय आत असं काय चाललंय जे इतकं महत्त्वाचं आहे? तेराव्या वर्षी मालिनीनं एकाएकी खेळ सोडला. राज्य स्पर्धा दोन महिन्यांवर असताना. माज आलाय, असं घरात सगळे म्हणाले आणि तेजश्रीनं ते मनापासून मानलं. तिला आनंदच झाला. तिनं हट्ट करून मालिनीची जागा घेतली. सरांनी तीन महिने शिकवलं आणि वडिलांना सांगितलं, हिचा हा प्रांत नव्हे. त्यांनी तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. उलट तीस वर्षं ती मनातल्या मनात विचारत आली होती, मी का नाही? आणि मागच्या जूनमध्ये आभाचे दोन डाव बघून सर म्हणाले, ही मालिनीवर गेली आहे, तेव्हा तिला अभिमान आणि मत्सर दोन्ही एकदम वाटले होते. निवडलं होतं शेवटी. मला नाही, माझ्या मुलीला.

"मालू," ती फोनवर म्हणाली, "आभा सरांकडे जात होती."

 मालिनीनं विचारलं, "पुढच्या खोलीत बसवतात की आतल्या?"

तेजश्रीनं कठडा धरला. तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं.

"तू मला का नाही सांगितलंस?" असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ऐकू आलं, की दुपारपासून आपण सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो आहोत.

"तुला?" मालिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू त्या खुर्चीत बसून माझ्याकडे कशी बघायचीस ते आठवतं का? तुला वाटलं असतं, तुला आत जायला मिळू नये म्हणून मी बनवून सांगते. आईला सांगितलं होतं."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, आता मोठी झालीस, फ्रॉक घालत जाऊ नकोस. मग मी जायचंच सोडलं. तिला वाटलं असणार, दोष माझ्या बसण्या-उठण्यात होता. तू साधी होतीस, तुला काय होणार! म्हणून तुला पाठवलं तिनं. तेजू, आभा कुणाजवळ बोलली?"

"माझ्या जावेजवळ."

"आणि जावेनं ऐकून घेतलं?"

"हो."

"नशीबवान आहे पोर," मालिनी म्हणाली, आणि तेव्हा तिचा आवाज फाटला. बेचाळीस वर्षांची बाई फोनवर लहान मुलीसारखी रडत होती, आणि तेजश्रीला पहिल्यांदाच तिचा हेवा वाटला नाही. जरा वेळानं मालिनीच म्हणाली, "पोलिसांना माझं नाव सांग. मी येईन. म्हण की मीही होते."

ज्ञानेश साडेसहाला आला. तिनं त्याला दार लावून सांगितलं. तो उठला, गाडीची किल्ली घेतली. "त्याचे हातपाय मोडून येतो," म्हणाला. घामानं त्याचं कपाळ निथळत होतं. "मोड," ती म्हणाली, "आणि मग?" "मग काय! परत कुठल्या पोरीकडे बघणार नाही." "तू आत जाशील, तो म्हातारा दवाखान्यात, आणि आभाला वाटेल तिच्या बोलण्यानं बाबा गेले. मी दहा-नऊ-आठला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केलाय. उद्या सकाळी येतायत." त्यावर तो खाली बसला आणि अगदी हळू, जणू भिंतीपलीकडे कुणी ऐकतंय अशा बेतानं म्हणाला, "पोलीस नको, तेजू. पोरीचं नाव होईल. नातेवाइकांना कळलं तर... लहान आहे ती. विसरेल. मुलं विसरतात."

"मालिनी विसरली नाही," तेजश्री म्हणाली. "आणि मंगळवार-गुरुवारचं कोण जातं त्यांच्याकडे ते मला माहीत नाही. एका वेळी एकच, म्हणायचे ते. आभा गेली नाही तर दुसरी कुणीतरी जाईल."

ज्ञानेशनं किल्ली टीपॉयवर ठेवली.  सकाळी त्यानं रजेचा मेसेज टाकला आणि आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला.

दहा वाजता दोघी आल्या. एक बालकल्याणवाली, दुसरी पोलीस उपनिरीक्षक, पण युनिफॉर्म नाही, साधा पंजाबी ड्रेस आणि पाठीला सॅक. "मी वेदिकाताई," तिनं आभाला सांगितलं, आणि खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसली. बरोबर आणलेले रंगीत खडू तिनं काढले नाहीत. आभानं आपले आणले होते. मोठ्या माणसांकडे वळून वेदिकाताई म्हणाली, की बोलताना आभाला जो हवा तो एक माणूस जवळ बसेल, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. मग तिनं आभाला विचारलं, "कोण बसू दे?"

तेजश्रीनं रात्री स्वतःला बजावून ठेवलं होतं. तरीही त्या दोन-तीन क्षणांत तिनं मनातल्या मनात आभाला ओढून घेतलं, तिच्याकडे एकटक बघितलं, जणू नजरेनं उत्तर फिरवता येईल. नऊ महिने पोटात मी वागवली, ताप मी काढला, नाव मी ठेवलं. माझ्याकडे बघ. आभानं बघितलं. घाबरलेल्या, अपराधी डोळ्यांनी बघितलं, आणि तेजश्रीला दिसलं की पोर उत्तर देत नाहीये ती आईला वाईट वाटेल म्हणून. काल-परवापर्यंत ती बहुधा याचसाठी गप्प होती. माझा चेहरा सांभाळत.

"काकू बसू दे," तेजश्रीच म्हणाली. आवाज जमेल तितका साधा ठेवून. "हो ना, आभा? मी समोर थांबते."

आभानं मान हलवली. निकिता दारात घुटमळत होती, ती आत आली आणि आभाला टेकून मांडी घालून बसली. बाहेर जाताना दोघी जावांची नजर एकदा मिळाली. निकिताच्या नजरेत जिंकल्याचं काही नव्हतं. ती भेदरली होती.

समोरच्या फ्लॅटचं दार नुसतंच लोटलेलं होतं. तेजश्री आत गेली. एकटी अशी ती या घरात कधी आली नव्हती. ओट्यावर दूध तापवून झाकलं होतं, परातीत कणीक मळायची राहिली होती. फ्रीजला आभाची चित्रं चिकटवली होती, एकावर एक. एकातही बुद्धिबळ नव्हतं. खिडकीपाशी बुटकं स्टूल होतं, त्यावर आभाचा फुटका कंगवा, दातांत अडकलेले दोन-चार लांब केस, आणि तेलाची वाटी. इथे आभाचं एक अख्खं घर होतं. आईला न विचारता वाढलेलं. तेजश्री त्या स्टुलाशेजारी फरशीवर बसली. मत्सर गेला नव्हता. ती प्रामाणिकपणे शोधत होती, आणि तो होताच, बरगडीखाली, दुखऱ्या दातासारखा, आणि तो जाणार नाही हेही तिला दिसत होतं. निकिता आज ऐकेल, उद्याही तीच ऐकेल. कोर्टात बहुधा तीच शेजारी बसेल. पोर मोठी होईल, तेव्हा या दिवसातला जो हात तिला आठवेल तो आईचा नसेल.

समोरच्या दारामागून काही ऐकू येत नव्हतं. तिनं कान देण्याचा प्रयत्न केला, मग सोडून दिला, गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. ओठ हलत होते ते तिचं तिला कळलं नाही. सांग, ती म्हणत होती. तिला सांग, बाळा. मला नाही सांगितलंस तरी चालेल. सगळं सांग.